टेकाड समोर होतं, राजधानी हरवली होती

उत्तर ग्रीसमध्ये, पिएरिया डोंगररांगेच्या पायथ्याशी, व्हर्जिना नावाचं लहानसं गाव आहे. गावाला लागूनच एक टेकाड होतं. व्यास सुमारे ११० मीटर, उंची १२ मीटरांच्या वर. आजूबाजूच्या सपाट शेतांमधून ते असं वर आलेलं, की ते माणसाने माती टाकून रचलं आहे हे कुणालाही कळावं. शेतावर जाणाऱ्या-येणाऱ्यांना ते रोज दिसत होतं. तरीही त्याच्या पोटात मॅसिडोनियाच्या राजघराण्याची थडगी आहेत, हे १९७७ साल उजाडेपर्यंत सिद्ध झालं नव्हतं.

हरवलेल्या थडग्यांच्या गोष्टींत सहसा जागाच सापडत नसते. इथे जागा होती. या जागेचं प्राचीन नाव मात्र पुसलं गेलं होतं, आणि नाव नाही म्हणून टेकाडाला अर्थही नव्हता. तो अर्थ ज्यांनी लावला, ते मनोलिस अँड्रोनिकोस इथे पहिल्यांदा आले तेव्हा विद्यापीठात शिकत होते. राजाच्या थडग्यात ते उतरले तेव्हा वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाली होती.

पत्ता नसलेली राजधानी

मॅसिडोनियाच्या राजांची मूळ राजधानी आयगाय. पुढे राज्यकारभार पेल्ला इथे गेला, पण घराण्याची मोठी कार्यं आणि राजांची दफनं आयगायलाच होत राहिली. रोमन इतिहासकार जस्टिनने एक परंपरा नोंदवली आहे. राजा पर्डिकसने मरताना मुलाला बजावलं, की आपल्या वंशातल्या राजांच्या अस्थी इथेच ठेवल्या जातील तोवर राज्य आपल्या घराण्यात टिकेल. अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, बॅबिलॉनला वारला. त्याचा सेनापती टॉलेमी याने त्याचं शव इजिप्तला नेलं आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या आत त्याचा वंश संपला. प्राचीन लोकांनी या दोन घटनांची सांगड घातली, यात नवल नाही.

अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप मात्र आयगायलाच मारला गेला. इ.स.पू. ३३६. मुलीचं, क्लिओपात्राचं, लग्न होतं. नगराच्या रंगमंडळात उत्सव भरला होता. मिरवणुकीत बारा देवांच्या मूर्तींसोबत फिलिपची तेरावी मूर्ती होती, असं प्राचीन इतिहासकार डायोडोरस सांगतो. ग्रीसवर वर्चस्व मिळवलेला आणि इराणवर स्वारीची तयारी केलेला हा राजा रक्षकांना लांब ठेवून आत आला, आणि पाउसानियस नावाच्या त्याच्याच अंगरक्षकाने त्याला भोसकलं. तेवीस वर्षांची कारकीर्द तिथेच संपली. अलेक्झांडरने गादीवर बसताच बापाचे अंत्यसंस्कार केले.

म्हणजे फिलिपचं थडगं शोधायचं तर आधी आयगाय शोधायला हवं होतं. अभ्यासक बराच काळ उत्तरेकडच्या एडेसा शहराला आयगाय समजत होते. व्हर्जिनाच्या परिसरात १८५५ मध्ये लेऑं ह्यूझे हा तरुण फ्रेंच अभ्यासक येऊन गेला. १८६१ मध्ये त्याने वास्तुरचनाकार दोमे यांच्यासह इथे एका भव्य प्रासादाचे अवशेष खणले. महत्त्वाची जागा आपल्या हाती लागली आहे, हे त्याने ओळखलं. पण ती मॅसिडोनियाची जुनी राजधानी असेल, हे त्यालाही कळलं नाही.

रोमायोस यांचा विद्यार्थी

अँड्रोनिकोस यांचा जन्म १९१९ चा, आज तुर्कस्तानात असलेल्या बुर्सा शहरातला. ग्रीक-तुर्की युद्धाच्या त्या वर्षांत त्यांचं कुटुंब थेसालोनिकीला आलं. व्हर्जिना गावाची वस्तीही त्याच उलथापालथीतून वाढली. १९२२-२३ नंतर आशिया मायनर आणि काळ्या समुद्राकडून उखडलेली ग्रीक कुटुंबं इथे वसवण्यात आली. त्यांनी घरं बांधताना जुन्या प्रासादाचे दगड वापरले. निर्वासितांचा मुलगा निर्वासितांच्याच गावात खणायला आला, असा हा योग होता.

थेसालोनिकी विद्यापीठाचे प्राध्यापक कॉन्स्टँटिनोस रोमायोस यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस व्हर्जिनाचं उत्खनन हाती घेतलं. प्रासादाचं काम पुढे गेलं आणि संगमरवरी सिंहासन असलेलं एक मॅसिडोनियन थडगंही सापडलं. अँड्रोनिकोस त्या चमूतले विद्यार्थी. पुरातत्त्वात विद्यार्थ्याच्या वाट्याला येतं ते काम असं: मातीचे थर वेगळे ओळखणं, खापरं धुऊन क्रमाने लावणं, मोजमापं लिहून घेणं. मोठ्या टेकाडाशी त्यांची ओळख या दिवसांतली. १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला आणि काम थांबलं. पुढे देश जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर अँड्रोनिकोस मध्यपूर्वेत पोहोचले आणि तिथल्या ग्रीक सैन्यात सामील झाले.

युद्धानंतर ते पुरातत्त्व खात्यात आले. १९५२ मध्ये थेसालोनिकीत डॉक्टरेट मिळवली. पुढे ऑक्सफर्डला ग्रीक चित्रकुंभांचे थोर जाणकार जॉन बीझली यांच्या हाताखाली शिकले. १९५२ मध्येच त्यांनी मोठ्या टेकाडात एक चाचणी खड्डा घेतला. हाती काही लागलं नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं, त्यात मला त्यांचं खरं मोठेपण दिसतं. मोठ्या टेकाडाच्या शेजारी लहान-लहान मातीचे उंचवटे पसरले होते, ३०० च्या वर. त्यांतली बहुतेक थडगी लोहयुगातली, इ.स.पू. १००० ते ७०० या काळातली. त्यांत सोन्याच्या राजपेट्या मिळणार नव्हत्या. मिळणार होत्या त्या लोखंडी तलवारी, मातीची भांडी, बायकांच्या अंगावरचे काशाचे दागिने. अँड्रोनिकोस यांनी या दफनभूमीला वर्षानुवर्षं दिली आणि १९६९ मध्ये तिच्यावरचा सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी होमरकालीन अंत्यविधींवरचं त्यांचं जर्मन पुस्तकही आलं होतं. इथले लोक आपल्या माणसांना कसं निरोप देत, माती कशी रचत, सोबत काय ठेवत, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. राजाचं थडगं सापडण्याआधी ते ओळखण्याची तयारी अशी पुरी होत होती.

फुटक्या शिळांची साक्ष

१९६८ मध्ये थेसालोनिकीतल्या प्राचीन मॅसिडोनियाविषयीच्या परिषदेत इंग्रज इतिहासकार निकोलस हॅमंड यांनी मत मांडलं: आयगाय म्हणजे एडेसा नव्हे, व्हर्जिना. डोंगराच्या कुशीतलं स्थान, प्रासाद, शेकडो दफनं आणि प्राचीन लेखकांचे उल्लेख जुळवून त्यांनी हा निष्कर्ष काढला होता. तो लगेच सर्वमान्य झाला नाही. या मातीत इतकी वर्षं घालवलेल्या अँड्रोनिकोस यांनाही तर्कापलीकडे जमिनीतला पुरावा हवा होता.

तो १९७६ मध्ये मिळाला. मोठ्या टेकाडाच्या भरावात संगमरवरी स्मृतिशिळांचे तुकडे निघू लागले. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतच्या या शिळा सामान्य नागरिकांच्या होत्या, नावं कोरलेल्या, काहींवर रंग शिल्लक असलेल्या. पण त्या अशा फोडून मातीत का टाकल्या होत्या?

याचं उत्तर प्राचीन चरित्रकार प्लुटार्कच्या एका नोंदीत होतं. एपिरसचा राजा पिऱ्हस याने इ.स.पू. २७४ च्या सुमारास मॅसिडोनिया जिंकला आणि आयगायला आपले भाडोत्री गॉल सैनिक ठेवले. त्यांनी राजांची थडगी खणून लुटली आणि अस्थी विखरून टाकल्या. अँड्रोनिकोस यांनी दोन टोकं जोडली. दफनभूमीची विटंबना झाली, त्यात शिळा फुटल्या. पुढे मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनाटस याने राज्य परत मिळवलं तेव्हा उरलेल्या राजथडग्यांचं रक्षण व्हावं म्हणून त्यांच्यावर प्रचंड भराव रचला गेला आणि फुटक्या शिळाही त्यातच गेल्या. हे बरोबर असेल तर व्हर्जिना हेच आयगाय, आणि टेकाडाखाली न लुटलेलं राजथडगं असण्याची शक्यता खरी. लुटीच्या त्या फुटक्या खुणांनीच राजधानीचं नाव परत मिळवून दिलं.

८ नोव्हेंबर १९७७

टेकाडाच्या मध्यावर काही मिळालं नाही. पुरावा नैर्ऋत्येच्या कडेला दडला होता. १९७७ च्या उन्हाळ्यानंतर तिथे आधी एका छोट्या देवळाचा पाया दिसला. मृत राजाची वीरपुरुष म्हणून पूजा करण्याची ती जागा असावी. शेजारी दगडी पेटीसारखं एक थडगं होतं, जुन्या चोरांनी लुटलेलं. पण त्याच्या भिंतीवर पाताळाचा देव हेडीस पर्सेफोनीला रथातून पळवून नेतो आहे, असं चित्र होतं. वेगाने ओढलेल्या मोजक्या रेषा, पर्सेफोनीचे हताशपणे पसरलेले हात. ग्रीक भित्तिचित्रं जवळपास सगळी नष्ट झालेली असताना चौथ्या शतकातल्या थोर चित्रकाराचा हात इथे प्रत्यक्ष दिसत होता.

त्याच्यालगत दुसरं, मोठं थडगं निघालं. कमानी छताचं, दोन दालनांचं. दर्शनी भिंतीच्या माथ्यावर साडेपाच मीटरांहून लांब शिकारीचा चित्रपट्ट: घोडेस्वार, पायदळी शिकारी, कुत्रे, सिंह. दाराशी असलेला पुरावा अस्पर्श राहावा म्हणून अँड्रोनिकोस यांनी मागच्या भिंतीचा, कमानीखालचा मधला दगड काढून आत जायचं ठरवलं. ८ नोव्हेंबर, ऑर्थोडॉक्स पंचांगात देवदूत मायकेल आणि गॅब्रिएल यांचा सण. दगड निघाला. आत कुणाचाही हात लागलेला नव्हता.

जमिनीवर काशाची भांडी, लोखंडी चिलखत, शिरस्त्राण, पायांची कवचं; मद्यपानाची चांदीची भांडी; लाकडी पलंगाच्या सजावटीतले हस्तिदंती चेहरे, त्यांतला एक दाढीवाला, एक तरुण. संगमरवरी पेटीचं झाकण उचललं तेव्हा आत सुमारे ७.८ किलो वजनाची सोन्याची पेटी होती, वर सोळा किरणांचा तारा. पेटीत जळालेली, धुऊन ठेवलेली हाडं, जांभळ्या वस्त्राच्या खुणा आणि ओकच्या पानाफुलांचा सोन्याचा मुकुट: ३१३ पानं, ६८ बोंडं. पुढच्या दालनातही दुसरी सोन्याची पेटी होती. तिच्यात एका तरुण स्त्रीच्या अस्थी, सोनेरी-जांभळ्या कापडात गुंडाळलेल्या.

होमरच्या इलियडच्या शेवटी ट्रॉयचा वीर हेक्टर याचं दहन होतं. त्याची हाडं जांभळ्या वस्त्रांत गुंडाळून सोन्याच्या पेटीत ठेवली जातात. होमरच्या अंत्यविधींवर पुस्तक लिहिलेल्या माणसाने ती पेटी उघडावी आणि तोच विधी समोर असावा, ही केवळ दैवाची कृपा नव्हे. वर्षानुवर्षांच्या अभ्यासाने हे दृश्य त्याला वाचता आलं.

२४ नोव्हेंबरला अँड्रोनिकोस यांनी शोध जाहीर केला आणि जबाबदारीने आपलं मतही सांगितलं: हे फिलिपचं थडगं असावं. १९७८ मध्ये त्याच टेकाडाखाली आणखी एक न लुटलेलं थडगं मिळालं. त्यात चांदीच्या कुंभात किशोरवयीन मुलाच्या अस्थी होत्या, बहुधा अलेक्झांडर आणि त्याची पत्नी रोक्साना यांचा मुलगा चौथा अलेक्झांडर याच्या. तो लहानपणीच मारला गेला होता.

हा फिलिपच का?

वाद लगेच सुरू झाला आणि तो आजही संपलेला नाही. विरोधी पक्ष म्हणतो, दुसऱ्या थडग्यात फिलिपचा मुलगा, अलेक्झांडरचा सावत्र भाऊ तिसरा फिलिप अर्‍हिडेयस आहे. इ.स.पू. ३१७ मध्ये अलेक्झांडरची आई ऑलिंपियास हिने त्याला मारवलं. पुढे मॅसिडोनियाची सत्ता हाती घेतलेल्या कॅसँडरने त्याला आणि त्याची बायको युरिडिकीला आयगायला राजेशाही इतमामाने पुरलं. दोन दालनं, दोन माणसं, हे चित्र त्या जोडप्यालाही बसतं. कमानी छताचं बांधकाम अलेक्झांडरच्या स्वारीनंतरच ग्रीसमध्ये आलं, असाही आक्षेप होता. सिंहाची शिकार इराणी प्रथेची आठवण देते, असंही म्हटलं गेलं.

फिलिपच्या शरीरावर त्याचा इतिहास कोरलेला होता. इ.स.पू. ३५४ च्या मेथोनी वेढ्यात त्याचा उजवा डोळा गेला; नंतरच्या एका लढाईत मांडीला जखम होऊन तो लंगडा झाला. म्हणून हाडांची तपासणी निर्णायक ठरेल, असं वाटलं. १९८० च्या दशकात ब्रिटिश चमूने दुसऱ्या थडग्यातल्या कवटीवरून चेहरा घडवला आणि उजव्या डोळ्याजवळ जखमेची खूण दाखवली. २००० मध्ये अँटोनिस बार्ट्सिओकास यांनी ती खूण जखमेची नाही, दहनाने झालेल्या बदलाची आहे, असं मांडलं. २०१५ मध्ये त्यांच्या चमूने लुटलेल्या पहिल्या थडग्यातला गुडघा आखडलेला पुरुष हाच फिलिप, असा दावा केला. २०२५ मधल्या अभ्यासाने कार्बन कालमापनाच्या आधारे दाखवलं, की तो पुरुष फिलिपच्या खुनाआधी किमान वीस वर्षं मेला होता. बहुतेक ग्रीक पुरातत्त्वज्ञ आणि व्हर्जिनाचं संग्रहालय अँड्रोनिकोस यांच्याच मताच्या बाजूने आहेत, आणि मला तो पक्ष अधिक सबळ वाटतो. दुसऱ्या थडग्यातल्या पुरुषाचं वय पस्तीस ते पंचावन्नच्या दरम्यान ठरवण्यात आलं. फिलिप सेहेचाळिसाव्या वर्षी मारला गेला.

हा वाद होऊ शकतो, याचं श्रेयही अँड्रोनिकोस यांचं आहे. प्रत्येक वस्तू कुठे, कशी होती याची नोंद झाली. हाडं जपली गेली. त्यामुळे त्यांच्या मताविरुद्ध बोलणाऱ्यालाही त्यांनीच राखलेला पुरावा हाताशी आहे. हीच थडगी चोरांनी उघडली असती तर सोनं बाजारात गेलं असतं आणि प्रश्नच उरला नसता.

विद्यार्थ्यांचे विद्यार्थी

थडगी उचलून कुठे हलवली नाहीत. त्यांच्यावर संरक्षक छत घालून पुन्हा टेकाडाचाच आकार दिला गेला. १९९६ मध्ये आयगाय युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि १९९७ मध्ये तिथलं संग्रहालय खुलं झालं. फिलिप जिथे कोसळला ते रंगमंडळ १९८२ मध्ये प्रासादाजवळच सापडलं, आणि जुन्या लेखकांचं वर्णन व जमीन एकमेकांशी आणखी घट्ट जुळले. अँड्रोनिकोस १९९२ मध्ये गेले. स्टेला द्रुगू आणि क्रिसूला पालिआदेली या त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, तसंच त्यांची विद्यार्थिनी अँजेलिकी कोत्तारिदी यांनी काम पुढे नेलं. अनेक वर्षांच्या जतनानंतर आयगायचा प्रासाद जानेवारी २०२४ मध्ये लोकांसाठी उघडला. ह्यूझेने खणलेला आणि रोमायोस यांच्या हाताखाली ज्यांनी खापरं लावली त्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला, तोच हा प्रासाद.

अँड्रोनिकोस यांना मोठ्या टेकाडाची घाई नव्हती. सोनं नसलेली शेकडो थडगी त्यांनी आधी खणली, त्यांवर लिहिलं, प्राचीन ग्रंथ वाचले आणि फुटक्या दगडांचा अर्थ लावला. विद्यार्थिदशेत शिकलेल्या त्या शिस्तीमुळे फक्त एक थडगं मिळालं नाही. पुसलं गेलेलं अख्खं नगर परत मिळालं. अलेक्झांडरचं थडगं मात्र अजून सापडलेलं नाही. त्याच्या शोधात निघणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याने व्हर्जिनापासून एवढं घ्यावं, की सोन्याच्या आधी नाव शोधायचं असतं, आणि नाव सापडल्यावरही पुढच्याला तपासता येईल असाच पुरावा मागे ठेवायचा असतो.