मुलांचा पहिला सरडा : निवड आणि जबाबदारी

बोरिवलीच्या धक्क्यावरून खाडी ओलांडली की अवघ्या काही मिनिटांत गोराई गाव लागते. बृहन्मुंबईच्या सीमेत असूनही या गावाने आपले जुने रूप पुष्कळसे टिकवून धरले आहे. एका बाजूला कांदळवन, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये ताडामाडांच्या वाड्या आणि कोळी व ईस्ट इंडियन कुटुंबांची कौलारू घरे, असे येथील सर्वसाधारण चित्र आहे. गेल्या पावसाळ्यापूर्वी काही कामानिमित्त प्रस्तुत लेखकास या गावी जाण्याचा योग आला. एका घराच्या अंगणात नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा खोक्यापुढे बसला होता. खोक्यात कमरेला दोरा बांधलेला एक सरडा होता.

"हा काय खातो?" असे विचारता मुलगा म्हणाला, "भात घातला, बिस्कीट घातलं, पण दोन दिवस काहीच खात नाही." त्याचे वडील जवळच जाळे दुरुस्त करीत होते. ते म्हणाले, "साहेब, याला सरड्याचा फार नाद आहे. मुंबईत परदेशी सरडे विकत मिळतात म्हणतात. त्यातला कोणता घ्यावा, ते तरी सांगा."

हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला, तरी तसा तो नाही. कुत्रा, मांजर, पोपट यांच्या जोडीला आता सरपटणारे प्राणीही घराघरांत येऊ लागले आहेत. मुलाच्या हौसेपोटी पालकांच्या हातून नकळत कायद्याचा भंग घडण्याची आणि एका मुक्या जिवाचा बळी जाण्याचीही शक्यता असते. शिक्षक, ग्रामपंचायतींचे सदस्य आणि क्षेत्रीय अधिकारी यांच्याकडे असे प्रश्न प्रथम येतात. म्हणून या विषयाचा थोडा विस्ताराने विचार करणे उचित ठरेल.

अंगणातील शेजारी

गोराईसारख्या गावात पाल-सरड्यांच्या कुळातील निदान चार प्राणी सहज दृष्टीस पडतात. भिंतीवरची पाल सर्वांच्या परिचयाची आहे. कुंपणावर मान वरखाली करीत बसणारा तो बागेतील सरडा होय. पालापाचोळ्यातून सळसळत जाणारी, गुळगुळीत अंगाची सापसुरळी ही तिसरी, आणि कांदळवनाच्या कडेने व बांधांवरून फिरणारी घोरपड ही चौथी.

या प्राण्यांविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत. सरडा दुरून रक्त शोषतो, सापसुरळी विषारी असते, पाल अंगावर पडणे अशुभ असते, अशा समजुतींपायी हे प्राणी दगडांनी मारले जातात. वस्तुस्थिती अशी आहे की, आपल्या घराभोवती आढळणाऱ्या पाली, सरडे व सापसुरळ्या यांच्यापैकी एकही विषारी नाही. विणीच्या काळात नर सरड्याचे डोके व गळा लालभडक होतो. रक्त शोषण्याची कथा या लाल रंगातूनच जन्मली असावी. प्रत्यक्षात तो रंग मादीला आकृष्ट करण्यासाठी व प्रतिस्पर्धी नराला इशारा देण्यासाठी असतो. डास, पतंग, झुरळे आणि पिकांवरील किडे यांचा हे प्राणी मोठ्या प्रमाणावर फडशा पाडतात, हे शेतकऱ्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे.

त्या मुलाचा सरडा भात का खात नव्हता, याचे उत्तरही येथेच मिळते. सरडा हलणारे भक्ष्य पाहून त्यावर झडप घालतो. निश्चल पडलेले शीत त्याच्या लेखी अन्नच नव्हे. शिवाय या प्राण्यांच्या शरीरात आपल्यासारखी स्वतःची उष्णता निर्माण होत नाही. सकाळी उन्हात बसून अंग तापविल्याशिवाय त्यांना धावता येत नाही आणि खाल्लेले अन्नही नीट पचत नाही. सावलीतल्या खोक्यात कोंडलेला सरडा भुकेने व भयाने खंगत जातो. मुलाला तो शांत झाला आहे असे वाटते. वास्तविक तो मरणाच्या वाटेवर असतो.

कायदा काय सांगतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये अमलात आला. त्यात 2022 मध्ये व्यापक सुधारणा करण्यात आली आणि सुधारित तरतुदी 1 एप्रिल 2023 पासून लागू झाल्या. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी आता चार अनुसूची आहेत. पहिल्या दोन अनुसूचींत संरक्षित प्राणी, तिसरीत वनस्पती व चौथीत आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या परदेशी प्रजाती येतात.

घोरपडीचा समावेश पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे, पकडणे, बाळगणे अथवा विकणे हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी किमान 3 वर्षे व कमाल 7 वर्षे कारावास आणि किमान 25,000 रुपये दंड अशी तरतूद आहे. "हत्था जोडी" या नावाने जी दुर्मिळ मुळी म्हणून विकली जाते, ती वास्तविक घोरपडीच्या नराचे वाळविलेले जननेंद्रिय असते. देव्हाऱ्यात भक्तिभावाने ठेवलेली अशी वस्तूही गृहस्थास अडचणीत आणू शकते.

इतर पाल-सरड्यांपैकी कोणता कोणत्या अनुसूचीत येतो, हे सामान्य माणसाला ओळखता येणे कठीण आहे, कारण एकसारख्या दिसणाऱ्या प्रजाती अनेक आहेत. म्हणून पालकांनी व शिक्षकांनी एक साधा नियम पाळावा : रानातील, वाडीतील अथवा अंगणातील कोणताही सरडा पाळण्यासाठी पकडू नये. हा नियम पाळणाऱ्याकडून या बाबतीत कायद्याचा भंग होणार नाही आणि प्राण्यांनाही उपद्रव होणार नाही.

परदेशी प्रजातींच्या बाबतीत जून 2020 मध्ये केंद्र शासनाने अशा प्राण्यांची माहिती स्वेच्छेने देण्याची योजना जाहीर केली होती. आता चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे. त्यासंबंधीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये अधिसूचित झाले. असा प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांच्या आत "परिवेश" या शासकीय संकेतस्थळावरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे अर्ज करावा लागतो. प्राण्यास पिले झाली, तो दुसऱ्यास दिला अथवा मरण पावला, तरी त्याची माहिती द्यावी लागते. विक्रेत्याने "कागदपत्रांची गरज नाही" असे सांगितल्यास तेथून परत फिरणे हेच शहाणपणाचे होय. मुंबई विमानतळावर प्रवाशांच्या सामानातून परदेशी सरपटणारे प्राणी वेळोवेळी जप्त झाले आहेत. बाजारातील स्वस्त सरड्याचा प्रवास अशाच एखाद्या पेटीतून झालेला असू शकतो.

तीन नावांची पारख

परदेशांत मुलांच्या पहिल्या सरड्यासाठी सामान्यतः तीन नावे घेतली जातात. त्यांची आपल्या परिस्थितीच्या दृष्टीने पारख करणे आवश्यक आहे.

पहिला इग्वाना. दुकानात हा हिरवागार, वीतभर लांबीचा व देखणा दिसतो. परंतु मूळचा मध्य व दक्षिण अमेरिकेतील हा प्राणी वाढून शेपटासह दीड मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही लांब होतो. त्याच्या शेपटीचा तडाखा व नखे मुलाला इजा करू शकतात. त्याला पिंजरा नव्हे, जवळजवळ एक खोलीच द्यावी लागते. याची नोंदणी अनिवार्य आहे. मुलाचा पहिला सरडा म्हणून तो सर्वथा अयोग्य समजावा.

दुसरा ऑस्ट्रेलियातील दाढीवाला सरडा, म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. स्वभावाने हा शांत असतो, दिवसा जागा असतो आणि हाताळलेला सहन करतो. त्यामुळे मुलांना तो आवडतो. मात्र हा कोरड्या प्रदेशातील प्राणी आहे. त्याला पिंजऱ्याच्या एका टोकाला सुमारे 40 अंश सेल्सिअस उष्णता व दुसऱ्या टोकाला थंडावा लागतो. त्याचबरोबर विशिष्ट अतिनील किरण देणारा दिवाही लागतो. तो दिवा नसल्यास शरीरात कॅल्शियम जिरत नाही, हाडे मऊ पडून वाकतात व प्राणी पंगू होतो. गोराईच्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि कपडे चार दिवस वाळत नाहीत. अशा हवेत वाळवंटी प्राणी निरोगी ठेवणे हे मुलाचे काम नव्हे, जाणत्या माणसालाही ते जड जाते. याचे आयुष्य 10 ते 15 वर्षांचे असते.

तिसरा लेपर्ड गेको, म्हणजे ठिपकेदार पाल. वीतभर लांबीची, संथ चालीची, पापण्या मिटणारी व भिंतीवर न चढणारी ही निशाचर पाल नवशिक्यांसाठी सर्वांत सोपी मानली जाते. मोठ्या काचपेटीत, खालून मिळणाऱ्या माफक उबेवर, जिवंत किडे व कॅल्शियमची भुकटी यांवर ती 15 ते 20 वर्षे जगते. परंतु परदेशातील हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू करता येत नाही. ही पाल भारतीय उपखंडाच्या वायव्य भागातील आहे आणि तिच्याच कुळातील भाईबंद महाराष्ट्रासह भारताच्या अनेक भागांत रानात आढळतात. विकावयास ठेवलेली पाल बंदिस्त जागेत जन्मलेली की डोंगरातून पकडून आणलेली, हे ग्राहकाला समजणे अशक्यप्राय आहे. म्हणून खरेदीपूर्वी वन विभागाच्या कार्यालयाकडून लेखी खुलासा घ्यावा. तो न मिळाल्यास खरेदीचा विचार सोडून द्यावा.

तिन्ही प्राण्यांना लागू पडणाऱ्या आणखी काही बाबी आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून व त्वचेवरून साल्मोनेला नावाचे जंतू पसरतात. पाच वर्षांखालील मुले, वृद्ध व आजारी माणसे घरात असतील, तर हे प्राणी आणू नयेत असा वैद्यकीय सल्ला आहे. हाताळल्यानंतर प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे आवश्यक आहे. या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्य सर्वत्र मिळत नाही. तो कोठे आहे, हे प्राणी आणण्यापूर्वीच पाहून ठेवावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दहा वर्षांच्या मुलाने आज आणलेली पाल तो पंचविशीत जाईपर्यंत जगू शकते. मुलाचा उत्साह ओसरल्यावर तिची निगा कोण राखणार, याचे उत्तर आई-वडिलांनी स्वतःच्या मनाशी आधी द्यावे.

कंटाळा आल्यावर असा प्राणी खाडीकाठी सोडून देणे ही तर दुहेरी चूक होय. बहुधा तो उपासमारीने मरतो, आणि जगलाच तर स्थानिक प्राण्यांच्या मुळावर येतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सोडून दिलेल्या इग्वानांनी बागा व कालव्यांचे बांध पोखरून काढले आहेत. आपल्याकडे हौसेने आणून तळ्यांत सोडलेली तांबड्या कानशिलाची परदेशी कासवे हे याच प्रकारचे उदाहरण आहे.

मग मुलाला काय द्यावे ?

मुलाचे कुतूहल दडपून टाकणे हा यावरील उपाय नव्हे. त्याला पहिले वर्षभर भिंतीवरची पाल व कुंपणावरचा सरडा "पाळावयास" द्यावा, म्हणजे त्यांचे निरीक्षण करावयास लावावे. एक वही, एक पेन्सिल व रात्री ओसरीवरचा दिवा एवढेच साहित्य त्यास पुरेसे आहे. दिव्याजवळ किती पाली येतात? मोठी पाल लहानीला हाकलते का? तुटलेले शेपूट किती आठवड्यांत वाढते? सरडा सकाळी किती वाजता उन्हात येतो आणि कोणत्या खांबापर्यंत जाऊन मागे फिरतो? सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण हिणविण्यासाठी वापरतो. पण नर सरडा आपली हद्द ठरवून ती राखतो, हे मुलाने स्वतः मोजून पाहिले म्हणजे त्या म्हणीत दडलेले निरीक्षण त्याला उमगेल. पावसाळ्यात मादी जमीन उकरून अंडी घालताना दिसली, तर ती जागा दुरून पाहून वहीत नोंदवावी, उकरू नये.

अशा निरीक्षणाला शास्त्रातही मोठे मोल आहे. गळ्याखाली रंगीत पंखा उघडणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातिसमूहास 2016 मध्ये शास्त्रज्ञांनी "सराडा" हे नाव दिले. आपला मराठी "सरडा" हा शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात गेला. साताऱ्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर यांतील निळ्या-काळ्या-केशरी पंख्याचा एक देखणा सरडा राहतो. तेथील पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले व त्यामुळे सरड्यांची संख्या आणि वागणूक दोन्ही बदलली, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हा निष्कर्ष सरडे पिंजऱ्यात ठेवून नव्हे, तर त्यांच्या मुक्कामी जाऊन केलेल्या पाहणीतून निघाला.

शाळांनी आपल्या परिसरातील पाल-सरड्यांची अशी नोंदवही ठेवल्यास विज्ञानाच्या अध्यापनास मोलाची जोड मिळेल. ग्रामपंचायतींनी घोरपडीची शिकार व "हत्था जोडी"ची विक्री यांविरुद्ध गावात जाणीव निर्माण करावी. जखमी किंवा अडकलेला वन्य प्राणी आढळल्यास वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. वर्षभराच्या नोंदींनंतरही मुलाची ओढ कायम राहिली, घरातील वडीलधारी माणसे जबाबदारी घेण्यास तयार असली आणि वन विभागाकडून प्राण्याच्या कागदपत्रांची खात्री झाली, तरच विकत घेण्याचा विचार करावा.

गोराईच्या त्या अंगणात त्या दिवशी वडिलांनी स्वतः कात्रीने दोरा कापला. सरडा काही क्षण कुंपणाच्या बुडाशी ऊन खात निपचित पडून राहिला, मग झपाट्याने मेंदीच्या फांदीवर चढून दिसेनासा झाला. मुलाचा चेहरा उतरला होता. वडील त्याला म्हणाले, "अरे, तो इथंच राहतो. उद्या सकाळी बघ." परतीची बोट पकडण्यासाठी आम्ही निघालो, तेव्हा तो मुलगा शाळेची जुनी वही शोधीत होता.