चाक पटकन निघालं पाहिजे



२००७ च्या उन्हाळ्यात शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात मी एक ठोकलेली सुझुकी बँडिट १२०० घेतली. १९९८ चं मॉडेल, पुढचा फोर्क वाकलेला, टाकी चेपलेली, मुल्किया कधीच संपलेली. किंमत ४,२०० दिरहॅम. रिकव्हरीवरून घरी उतरवली तेव्हा सौ. दारात उभ्या होत्या. एकच अट घातली गेली: ही गाडी रस्त्यावर येणार नाही. शेख झायेद रोडवर रोज जे दिसतं ते बघता वाद घालण्यात अर्थ नव्हता. रस्ता नाही म्हणजे ट्रॅक. दुबई ऑटोड्रोम २००४ च्या ऑक्टोबरात सुरू झालेला, पूर्ण फेरी ५.३९ किलोमीटरची.

कशी बांधायची ते मात्र आधीच ठरलं होतं. एन्ड्युरन्स रेसच्या गाडीसारखी.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या शर्यती आठ तास, बारा तास, चोवीस तास चालतात. फ्रान्समधली बोल दोर ही सर्वांत जुनी, १९२२ पासूनची; सुरुवातीच्या काळात चोवीस तास एकच स्वार गाडी हाणत असे! आता दोघं-तिघं आलटून पालटून चालवतात. रात्रीसाठी पुढे दोन दिवे, टाकी मोठी. पण खरी गंमत पिटमध्ये असते. गाडी कितीही पळाली तरी चाक बदलायला पाच मिनिटं लागली तर कमावलेलं सगळं तिथेच जातं. त्यामुळे अंधारात, घाईत, दुसऱ्या कुणाच्याही हातांनी ती पटकन उघडली पाहिजे, अशीच तिची बांधणी करतात.

सुझुकीच घेण्यालाही कारण होतं. १९७८ साली सुझुकाची पहिली आठ तासांची शर्यत झाली. होंडाच्या फॅक्टरीच्या गाड्या युरोपात तेव्हा कुणाला ऐकत नव्हत्या. पण जिंकली योशिमुरा या छोट्या ट्यूनिंगवाल्याची सुझुकी जीएस १०००. वेस कूली आणि माइक बाल्डविन हे दोघं स्वार. पुढे १९८५ ची जीएसएक्स-आर ७५० आली, ती एन्ड्युरन्सच्या गाड्यांवरूनच घेतलेली: ऑइलने थंड होणारं इंजिन, दोन गोल दिवे. माझ्या बँडिटचं ११५७ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं. खानदान चांगलं, नशीब तेवढं वाईट.

काम व्हिलाच्या मागच्या शेडमध्ये, शुक्रवारी आणि रात्री. जून ते सप्टेंबर दिवसा पाना हातात धरवत नाही. दुसऱ्या एका ठोकलेल्या गाडीचा फोर्क मिळाला, तो बसवला. सगळ्यात जास्त दिवस खाल्ले ते चाकांनी.

साध्या मोटारसायकलचं चाक काढताना अॅक्सल ओढला की दोन्ही बाजूंचे बुश टपकन खाली पडतात आणि घरंगळत जातात. आपण सगळ्यांनी गॅरेजमध्ये गुडघ्यावर बसून ते शोधलेत. एन्ड्युरन्सच्या गाडीत बुशला मागे कॉलर देऊन तो चाकातच अडकवतात, चाकाबरोबर निघतो आणि चाकाबरोबरच बसतो. मी ड्रॉइंग काढून कोल्हापूरला चुलतभावाला ई-मेल केलं. काकांचं उद्यमनगरात लेथ आहे. दोन दिवसांनी त्यांचा फोन.

"ड्रॉइंग बरोबर हाय, माप चुकलंय."

"कुठं चुकलं काका?"

"बुश अॅल्युमिनियमचा, अॅक्सल लोखंडाचा. तुमच्या तिथल्या उन्हात दोन्ही सारखं फुगत्यात व्हय? इंजिनेर ना तू?"

अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. काकांनी तेवढी जागा सोडून बुश कातले. दिवाळीच्या सुट्टीत ते बॅगेत घालून आणले. विमानतळावर "ये क्या है" ला उत्तर देण्यात दहा मिनिटं गेली, असो.

टाकीचं काम केरळच्या एका चेट्टाने केलं. अॅल्युमिनियमची, आर्गन वेल्डिंगची, २४ लिटरची. पहिली टाकी साबणाचं पाणी लावून तपासली तर शिवणीवर बुडबुडे. न बोलता त्याने ती कापली आणि दुसरी केली. पेट्रोलचं गणितही इथे वेगळं. पहाटे काठोकाठ भरलेले २४ लिटर दुपारपर्यंत वीस अंश तापले तर जवळजवळ अर्धा लिटर वाढतं. वर जागा आणि व्हेंट नसेल तर ते तापलेल्या इंजिनावर येणार.

ऑइल कूलर मोठा घातला. प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टला दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यातून तार ओवली, म्हणजे ढिला झाला तरी बोल्ट निघून पडत नाही. त्या भोकांपायी सात ड्रिल बिट मोडले. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा, घड्याळ धरून बसायचा. मागचं चाक काढून दुसरं बसवायला पहिल्या दिवशी मला आणि शेजाऱ्याला नऊ मिनिटं लागली. २००८ च्या रमजानपर्यंत एक मिनिट चाळीस सेकंदांवर आलो. फॅक्टरीवाले हसतील, पण आम्ही दोघं अकाउंट्स आणि सेफ्टीवाले!

नोव्हेंबरात पहिला ट्रॅक डे. गाडी पिकअपवर पट्ट्यांनी बांधून नेली. तपासणीत पहिलं काय सांगितलं असेल? काचेचे दिवे टेपने झाका! ज्या दोन गोल दिव्यांसाठी तीन आठवडे ब्रॅकेट घडवला ते निळ्या टेपखाली गेले. नियम रास्तच आहे, पडल्यावर ट्रॅकवर काच नको.

चालवण्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. नव्या गाड्यांवरची पोरं बाजूने सुसाट जात होती. माझं लक्ष ऑइलच्या काट्यावर. तिसऱ्या सेशनला मागच्या टायरात पत्र्याचा तुकडा घुसला. एरवी अशा वेळी दिवस संपतो, लोक गाडी चढवून घरी जातात. आमच्याकडे जादा चाक तयार होतं. शेजाऱ्याने स्टँड लावला, मी अॅक्सल ओढला, बुश जागेवर. मुलाने "एक चव्वेचाळीस" असं ओरडून सांगितलं आणि मी परत ट्रॅकवर. बाजूच्या पिटमधला एक लेबनीज येऊन ते बुश बोटांनी चाचपून बघत होता म्हणे.

असे चार ट्रॅक डे झाले. मार्च २००९ मध्ये माझी नोकरी गेली. ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांना वेगळं सांगायला नको. व्हिसा रद्द झाल्यावर तेव्हा तीस दिवस मिळत. घर, शाळा, बँक, सामान... आणि शेडमध्ये ती. तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी भारतात नेता येत नाही, हिचं तर अकरावं वर्ष. मुल्किया नाही म्हणून इथे पुरी गाडी घ्यायलाही कुणी तयार नव्हतं.

सुटी करून विकायचं ठरलं. आठवडाभर संध्याकाळी बसावं लागेल असा माझा अंदाज होता. शेजारी आला, मुलगा सवयीने घड्याळ घेऊन आला. चौदा महिन्यांत बांधलेली गाडी रात्री नऊला उघडायला घेतली, साडेअकराला फ्रेम रिकामी होती. सगळं इतकं सहज निघत होतं की मध्येच मी मुलाला घड्याळ ठेवून दे म्हणून सांगितलं. इंजिन चेट्टाच्या ओळखीने गेलं. टाकी त्याने स्वतःकडे ठेवली, पैसे मात्र पूर्ण दिले.

बुश मी चाकांतून काढून घेतले. कोल्हापूरला गेलो तेव्हा काकांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला, व्हर्निअर लावला, आतून-बाहेरून मापलं.

"काय झिजला न्हाई बघ," ते म्हणाले. "गाडी कुठं हाय?"