खांद्याचा ठेका ओळखणारा हट्टी सर्जन

फळीवरचा डबा काढायला हात वर केला, की दंडाचे हाड आणि पाठीवरचे खांद्याचे पाते मिळून एका ठेक्यात हलतात. या ठेक्याला नाव दिले बोस्टनच्या डॉ. अर्नेस्ट अॅमरी कॉडमन यांनी.

१८९५ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टर झालेले कॉडमन मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सर्जन होते. शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वर्षभराने खरोखर बरा आहे का, ते तपासा आणि चुकाही जाहीर करा, असा त्यांचा आग्रह. वरिष्ठांना तो कसा रुचणार? १९१४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढच्याच वर्षी भर सभेत डॉक्टरमंडळींची टिंगल करणारे व्यंगचित्र दाखवले आणि हार्वर्डमधली शिकवण्याची जागाही गमावली.

खांद्याचा ध्यास मात्र सुटला नाही. १९३४ मध्ये त्यांचा ‘द शोल्डर’ हा ग्रंथ निघाला. पुढे वाकून दुखरा हात लंबकासारखा झुलवण्याचा त्यांचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट आजही शिकवतात. १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या व्हर्न इनमन आणि सहकाऱ्यांनी तो ठेका मोजला. हात वर जाताना साधारण दोन अंश सांध्यात, तर एक अंश पात्याचा!

हे पाहायला कॉडमन नव्हते. १९४० मध्येच ते वारले होते. त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला, तो थेट २०१४ मध्ये.