निळा भाव, गुलाबी भाव

सकाळी 9. जुलै म्हणजे आमच्याकडे रिटर्नचा महिना. शुक्रवार पेठेतल्या माझ्या ऑफिसचं शटर वर जायच्या आधीच दोन-चार जण पायरीवर फायली घेऊन बसलेले असतात. मी करसल्लागार, लोकांची बँक स्टेटमेंट वाचणं हे रोजचं काम. दुकानदाराच्या स्टेटमेंटात सूत, हुंडेकरी, भाडं, वीजबिल या नोंदी ओळखीच्या असतात. हल्ली त्यांच्यामध्ये 500, 1000, 2000 च्या यूपीआय नोंदींची रांग दिसते. प्रत्येक नोंद वेगळ्याच माणसाच्या नावावर, आणि मोबाइलमध्ये वेळ पाहिली तर सगळ्या सामन्याच्या वेळेतल्या. अशी रांग दिसली की मी बाकीचं काम बाजूला ठेवतो.

साडेदहा. टॉवेल-चादरीचे एक जुने व्यापारी आले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. बसायच्या आत म्हणाले, "मालक, बँकेनं खातं होल्ड केलंय. कारखानदाराला दिलेला चेक परत गेला." बँकेच्या कागदावर दुसऱ्या राज्यातल्या सायबर तक्रारीचा क्रमांक होता. अण्णांनी आयुष्यात कधी पैशाचा डाव मांडलेला नाही. पण खातं दुकानाचं आणि यूपीआय मुलाच्या मोबाइलवर. स्टेटमेंटात 18,000 रुपये जमा झाल्याची एक नोंद होती, पाठवणारा अनोळखी. मुलगा त्या दिवशी क्रिकेटच्या सट्ट्यात जिंकला होता.

हे लोकांना कळत नाही म्हणून सविस्तर सांगतो. सट्ट्याच्या ॲपचा आयडी देणारा माणूस स्वतःच्या खात्यातून पैसे देत नाही. भाड्यानं घेतलेल्या खात्यांतून देतो. गरजू माणसाला चार पैसे देऊन त्याचं पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम ताब्यात घेतलेलं असतं. त्याच खात्यांतून फसवणुकीचा पैसाही फिरतो. कुठल्या तरी गावात कुणी लुबाडला जातो, 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि पैसा ज्या ज्या खात्यात गेला तिथं तिथं होल्ड लागत जातो. अशा रीतीनं जिंकलेल्या पैशानं अण्णांचं खातं अडकलं.

दुपारी 1. डबा उघडा ठेवूनच बेरीज केली. वर्षात गेले 3 लाख 12 हजार, परत आले 96 हजार. अण्णांनी विचारलं, हा तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा होईल का? नाही होत. उलट जिंकलेल्या पैशावर 30 टक्के कर आहे आणि एरवीची करमुक्त मर्यादा तिथं चालत नाही.

दुपारी 4. मुलगा आला. बी.कॉम.ला आहे, हिशेबात हुशार. मान खाली होती, पण एका मुद्द्यावर ठाम. "काका, हे मटक्यासारखं नाही. हे एक्सचेंज आहे. इथं बुकी नसतोच."

मी म्हटलं, दाखव. त्यानं स्क्रीन पुढं केली. संघाच्या नावासमोर निळ्या चौकटीत 1.45, गुलाबी चौकटीत 1.47. सट्ट्यातली माणसं यालाच पंचेचाळीस-सत्तेचाळीस म्हणतात. निळी लगाई: हजार लावले आणि संघ जिंकला तर वर 450 मिळणार. गुलाबी खाई: समोरच्याचे हजार आपण खायचे, पण संघ जिंकला तर 470 द्यायचे. पोरांना खरी भुरळ पडते ती पुढच्या गणिताची. भाव 2.00 असताना हजार लगाई केली आणि 1.50 वर आल्यावर तेवढीच खाई केली, तर संघ जिंकला तर 500 हाती, हरला तर शून्य. कागदावर यात तोटा नाहीच. पण भाव आधी उलटा गेला तर? त्याच्या मोबाइलमध्ये अशीच उदाहरणं जास्त होती.

एक्सचेंज ही कल्पना खोटी नाही, हे मी त्याला मान्य केलं. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी इंग्लंडमध्ये 2000 साली बेटफेअर सुरू केलं. तिथं लावणारा आणि खाणारा दोघंही ग्राहकच. समोर कुणी घेणारा असेल तरच पैज लागते, आणि कंपनी जिंकणाऱ्याकडून कमिशन कापते. आपल्या बाजार समितीतल्या कांद्याच्या अडत्यासारखंच. भाव चढो की पडो, त्याची अडत ठरलेली. कोण जिंकतं यात कंपनीचा जीव अडकलेला नसतो.

"तुझ्या आयडीला असा समोरचा माणूस आहे का?" मी विचारलं. तो गप्प. भाव आणि रंग तिकडच्यासारखे असतात, पण इथली पैज दुसऱ्या ग्राहकाशी जुळवली जात नाही. आयडी देणारा, त्याच्यावर मास्टर, त्याच्यावर सुपर मास्टर, अशी शिडी असते आणि प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला. तू हरलास की तो पैसा या शिडीवर वाटला जातो. म्हणजे ज्यानं तुला "भावा, घे आयडी" म्हटलं, तोच समोर बसलेला आहे.

मग त्याला सेशन दाखवायला सांगितलं. सहा षटकांत किती धावा, 46-48. "नॉट" घेतलं तर 46 च्या आत हव्यात, "यस" घेतलं तर 48 किंवा जास्त. "आणि 46 किंवा 47 झाल्या तर?" त्यानं दोनदा बोटं मोजली. दोन्ही बाजूंचे हरतात. ही फट कुणासाठी ठेवलीय, हे त्याला तेव्हा कळलं. चेहऱ्यावरून दिसत होतं.

2023 च्या जुलैत नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं अशाच ॲपवर 58 कोटी गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी गोंदियात छापे घातले. आधी त्याला काही कोटी जिंकूही दिले होते, असं तेव्हा बाहेर आलं. रक्कम सोडली तर अण्णांच्या मुलाची गोष्ट तीच.

साडेसहा. चहाला अण्णा मटक्यावर आले. गिरणीगावातल्या माणसाला त्याचा इतिहास तोंडपाठ असतो: मुंबईत न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा लागायचा, ते बंद झाल्यावर साठच्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. पगाराच्या दिवशी आकड्यावर पैसे लावणारे कामगार त्यांनी पाहिलेत. पण मटक्याला निदान दिवसाचे दोन आकडे होते. इथं प्रत्येक चेंडूला भाव हलतो, आणि हातातला मोबाइल रात्रीसुद्धा बंद होत नाही. मला हे जास्त घातक वाटतं.

रात्री 8. अर्ज टाइप केला: तपास अधिकाऱ्याला एक, बँकेला एक. सोबत स्टेटमेंट, मागची रिटर्न, आयडीवाल्याशी झालेल्या चॅटचे स्क्रीनशॉट. अण्णा घाबरले, पोराला आत टाकतील का? 22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात असं ॲप चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. लपवलंत तर अडचण वाढेल, सांगितलंत तर वाट निघेल, एवढंच मी म्हटलं. मुलाला टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर लिहून दिला. हा नाद आपोआप सुटत नाही, मदत घ्यावी लागते.

निघताना त्यानं हळूच विचारलं, "काका, आयडीत अजून 4,000 पॉइंट आहेत. ते काढून घेऊ?"

"नको. पुन्हा कुणाचे तरी पैसे वडिलांच्या खात्यात येतील."

त्यानं माझ्यासमोर आयडीवाल्याचा नंबर ब्लॉक केला, चॅट मात्र मी पुरावा म्हणून ठेवायला लावलं. उद्या सकाळी आधी बँकेची शाखा, मग पोलीस आयुक्तालयातलं सायबर ठाणं. अण्णांबरोबर मीही जाणार आहे. रिटर्न दुपारनंतर.