उच्च शिक्षणाचा जमाखर्च

वसई पूर्वेतील एव्हरशाईन सिटीसारख्या वसाहतींत व्यापारी घरातील मूल संगणकशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ इच्छिते, तेव्हा पहिला प्रश्न भांडवलाचा असतो. दुकान तारण ठेवण्यापूर्वी एक भेद ध्यानी घ्यावा.

अमेरिकेत एम.एस.चा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो. पीएच.डी.ला मात्र सामान्यतः शुल्कमाफी व साहाय्यकाचे विद्यावेतन मिळते, आणि तेथे पदवीनंतर थेट अर्ज करता येतो. तथापि हा मार्ग पाच-सहा वर्षांचा आहे. संशोधनाची ओढ नसलेल्याने केवळ शुल्क वाचवण्यासाठी तो धरू नये.

अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या मध्यावर संपते. म्हणून शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना पावसाळ्यातच भेटावे. अर्थसाहाय्याचा देकार आल्यास घाई नको. तेथील बहुतेक प्रमुख विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार १५ एप्रिलपर्यंत विचारास अवधी असतो.

देशातही सोय आहे. गेटच्या गुणांवर आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळवणाऱ्यास अध्यापन साहाय्यक म्हणून दरमहा १२,४०० रुपये मिळू शकतात.

जमशेदजी टाटांनी १८९२ साली स्थापिलेला जे. एन. टाटा एन्डोमेंट परदेशी शिक्षणास कर्जरूप शिष्यवृत्ती देतो. कोल्हापूरचे जयंत नारळीकर हे त्याचेच शिष्यवृत्तिधारक. बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकराच्या जुन्या प्रणालीत कमाल आठ वर्षे वजावट मिळते. नातलगांच्या उसनवारीवर ती नाही. पेढीच्या वहीप्रमाणे हा हिशेबही आधी मांडावा, मग सही करावी.