भेटही अत्यावश्यकच

१५ मार्च २०२१ रोजी नागपुरात पुन्हा टाळेबंदी आली. दूध, भाजी, औषधे यांसाठी बाहेर पडण्याची मुभा होती. ती असावयासच हवी होती. पुढे २२ एप्रिलपासून राज्यभर जिल्हाबंदी झाली. नागपूरहून वर्धा अवघे पाऊणशे किलोमीटर. पण तेथील वृद्ध आईला भेटावयाचे, तर ती गंभीर आजारी तरी हवी, नाही तर तिच्या अंत्यविधीचे निमित्त तरी! नुसती भेट हे शासनाच्या लेखी कारणच नव्हते. साथीत निर्बंध अपरिहार्य असतात, हे मान्य. परंतु म्हातारपणी एकाकीपणही माणसाला खंगवतो. पुढील साथीची नियमावली करताना भाजीच्या पिशवीइतकेच आप्तांच्या भेटीलाही स्थान द्यावे. ठरावीक दिवशी, अंतर राखून, अंगणातून का होईना.