गाठीत मुरणारे हाफ्नियम

कर्करोगाच्या गाठीला किरणांचा शेक देताना डॉक्टरांचे हात बांधलेले असतात. किरण गाठीपर्यंत पोहोचतात तेच मुळी कातडी, स्नायू, रक्तवाहिन्या ओलांडून. मात्रा वाढवावी, तर वाटेतला निरोगी भागही भाजतो. बाहेरची मात्रा तेवढीच ठेवून गाठीत मात्र ती जास्त मुरवता आली तर?

पॅरिसच्या नॅनोबायोटिक्स कंपनीने त्यासाठी हाफ्नियम ऑक्साइड निवडले. शरीर मुख्यतः कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन अशा हलक्या अणूंचे बनलेले, तर हाफ्नियमचा अणुक्रमांक 72. अणू जितका जड, तितके क्ष-किरण त्यात अडकण्याची शक्यता अधिक. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, सुमारे 50 नॅनोमीटरचे हे कण सुईने थेट गाठीत सोडतात. एरवी ते तिथे नुसते पडून असतात. किरण आदळले की त्यांतून इलेक्ट्रॉन उसळतात आणि शेजारच्या पेशींच्या डीएनएला होणारी इजा वाढते. यंत्र थांबले की तेही थांबतात.

परिणाम किती? स्नायू, चरबी यांसारख्या मऊ ऊतींत होणाऱ्या सार्कोमाच्या 180 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आले. शस्त्रक्रियेआधी सगळ्यांना किरणोपचार मिळाले. एका गटाला त्याआधी हे इंजेक्शनही. काढलेल्या गाठीत जिवंत कर्कपेशी जवळपास उरल्याच नाहीत, असे रुग्ण इंजेक्शनच्या गटात 16 टक्के निघाले, दुसऱ्यात 8 टक्के. प्रमाण दुप्पट झाले हे खरे आणि मोलाचे. पण इंजेक्शन घेतलेल्या शंभरातल्या 84 जणांना तो लाभ झाला नाही, हेही त्याच आकड्यांत लिहिले आहे. युरोपात त्याच वर्षी या उपचाराला मान्यता मिळाली.

गाठीत कण सोडण्याची लोहाच्या ऑक्साइडची वाट याहून जुनी आहे आणि वेगळीही. तिथे काम चुंबकाचे. 1957 मध्ये अमेरिकेत गिलख्रिस्ट आणि सहकाऱ्यांनी चुंबकीय कण लसिका ग्रंथींत पोहोचवून बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तापवून पाहिले. बर्लिनच्या आंद्रेआस योर्डान यांनी ती कल्पना मेंदूच्या गाठींपर्यंत नेली. युरोपने 2010 मध्ये या उपचाराला मान्यता दिली. मात्र 66 रुग्णांच्या मुख्य अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. शिवाय डोक्यात राहिलेल्या लोहामुळे एमआरआयवर गाठीची जागा नीट दिसत नाही, म्हणजे रोग परततोय का हे पाहण्याची हुकमी खिडकीच बंद होते. मेंदूच्या रुग्णासाठी ही किंमत फार मोठी आहे.

दोन्ही पद्धतींत सुई गाठीपर्यंत पोहोचायला हवी. अंगभर पसरलेल्या रोगापुढे त्यांचा थेट उपयोग थोडाच. डोके, मान आणि तोंडाच्या गाठी मात्र सुईच्या टप्प्यात असतात. म्हणूनच सिस्प्लाटिनसारखे केमोथेरपीचे औषध न झेपणाऱ्या वयस्क रुग्णांत, अशा गाठींसाठी हाफ्नियमची मोठी चाचणी हाती घेण्यात आली. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो. त्यामुळे या चाचणीच्या निकालाशी इथल्या कितीतरी घरांचा थेट संबंध आहे.